बाबांच्या थुंकीचा डाळिंबी रंग

मिलचा पहिला भोंगा वाजायच्या आधी आमच्या घरी बाबांचा खोकला वाजायचा. आधी बारीक, मग मोठा, मग मोरीजवळ उकिडवं बसून एक लांबलचक, आणि त्यानंतर काडेपेटीचा खर्र आवाज. शेजारची म्हातारी म्हणायची, सदाशिवचा खोकला ऐकला की मी चूल पेटवतो, मले घड्याळ कशाले पाहिजे. मी तेव्हा उठून अभ्यासाला बसलेली असायची आणि बिडीचा तो कडवट वास वहीच्या पानांत शिरायचा. आता हुडकेश्वरला तिसऱ्या माळ्यावर राहते. सकाळी ऐकू येतो तो पाण्याच्या पंपाचा आवाज, आणि खाली गाडी धुणाऱ्याचं मोबाइलवरचं गाणं. रस्त्यात कुठं बिडीचा वास आला की माझे पाय अजून हळू होतात. पस्तीस वर्षं केमिस्ट्री शिकवलेल्या बाईनं असं लिहू नये, पण खरं आहे ते लिहून टाकलं.

बाबा मिलच्या रंगखात्यात होते. मोठाल्या टाक्यांमध्ये उकळता रंग, त्यात कापडाचे तागे बुडवायचे, बाहेर काढून धुवायचे, पुन्हा धुवायचे, पाणी नितळ येईपर्यंत धुवायचे. त्यांची नखं कायम निळी असायची. मिलला आठ दिवसांची सुट्टी लागली तरी निळी, पाहुण्यांकडे लग्नाला गेले तरी निळी. आई राखेनं घासून घासून थकायची. रंगाची त्यांना अशी पारख होती की बाजारात माझी पंचाईत व्हायची. वांगं हातात घेऊन ते भाजीवालीला सांगत, हा जांभळा कच्चा आहे, एका धुण्यात उतरंल. ती बिचारी म्हणायची, भाऊ, घ्यायचं असंल तर घ्या, धुता कशाले. माझ्या शाळेच्या फ्रॉकचा निळा रंग दुकानदारानं पक्का म्हणून दिला, तर बाबांनी तिथंच कोपरा थुंकीनं ओला करून बोटानं घासून पाहिला आणि फ्रॉक परत केला. थुंकी लावून रंग तपासायची ही घरची विद्या मी पुढे अशी काही चालवली की विचारू नका.

घर दोन खोल्यांचं, वर कवेलूंचं छप्पर. पुढच्या खोलीत भिंतीतल्या कोनाड्यात बुद्धाची पांढरी मूर्ती, आणि दर रविवारी सकाळी तिच्यासमोर वंदना. बाबा पुढे बसून म्हणायचे, आई आणि मी मागून म्हणायचो. बाबांचा आवाज एरवी खरखरीत, पण पंचशील म्हणताना असा मोकळा व्हायचा की गल्लीतून जाणारा माणूस सायकलवरून उतरून क्षणभर उभा राहायचा. चौथं शील खोटं न बोलण्याचं, पाचवं नशा न करण्याचं. पाचवं झालं की आई हटकून खोकलायची. खोटं, मुद्दाम. बाबा वंदना संपेपर्यंत गप्प राहायचे आणि मग तिला समजावून सांगायचे की त्यात दारू आहे, बिडी नाही, मी चांगल्या माणसांना विचारलं आहे. रोजची दोन बंडलं ओढणारा माणूस. हा वाद माझ्या जन्माआधीपासून चालू होता आणि दोघांनाही त्यात मजा येत असावी, कारण लगेच जेवायला बसायचे.

जेवण म्हणजे रविवारी जवसाची चटणी असायचीच. आई लोखंडी तव्यावर जवस भाजायची. दाणे तडतडून अंगावर उडायचे, घरभर खमंग वास, मग भिवापुरी मिरची, लसूण, मीठ, आणि उखळात कुटणं. भाकरीवर चटणी, चटणीवर कच्चं तेल. जवस नीट तडतडल्याशिवाय ती खाली उतरवायची नाही. कच्चा जवस बाधतो, तिला तिच्या मायनं सांगितलेलं. माझी नात आता तेच जवस काचेच्या बरणीत ठेवते, कच्चेच दळून दुधात घालून पिते आणि मला त्याचे फायदे सांगते. मी म्हणते भाज वं बाई आधी. ती म्हणते, आजी, तुला काही माहीत नाही. असो. कच्च्या जवसात काय असतं ते मला चांगलंच माहीत आहे, कारण ह्या प्रकरणात जे लाल होणार आहे त्याच्याशीच त्याचं नातं आहे.

बारावीला मला फर्स्ट क्लास मिळाला. आमच्या गल्लीत मुलीला असा क्लास पहिल्यांदाच मिळाला होता. बाबांनी मिलमध्ये पेढे वाटले आणि घरी येऊन विचारलं, काय पाहिजे तुले, घड्याळ पाहिजे का. मी म्हटलं, मला काही नको, बिडी सोडा. ते हसले नाहीत, हो पण म्हणाले नाहीत. पण बी.एस्सी.च्या पहिल्या दिवशी मी कॉलेजला निघाले तेव्हा वार रविवार नसताना बाबांनी मूर्तीसमोर मेणबत्ती लावली, आईला आणि मला बसवलं, आणि पाचवं शील म्हणून झाल्यावर आपल्या साध्या मराठीत जोडलं, की आजपासून त्यात बिडी पण आहे. काडेपेटी आईच्या हातात दिली. आई दिवसभर पदरानं डोळे पुसत होती आणि कोणी विचारलं तर कांद्याचं नाव सांगत होती.

कॉलेजच्या लॅबमध्ये आम्ही पोरं-पोरी असे घाबरून उभे होतो की कोणी बाटलीला हात लावेना. आमचे डेमॉन्स्ट्रेटर देशकर सर, बारीक अंगाचे, ॲप्रनवर भोकं पडलेली. भीती घालवायला त्यांनी दुसऱ्याच आठवड्यात एक गंमत दाखवली. एका परीक्षानळीत पोटॅशियम थायोसायनेटचं पाणी, अगदी पिण्याच्या पाण्यासारखं. त्यात फेरिक क्लोराइडचा पिवळा थेंब टाकला, आणि नळी रक्तानं भरल्यासारखी लाल झाली. मागच्या बाकावरची एक मुलगी खाली बसली. सर म्हणाले, हे थायोसायनेट बाटलीतच असतं असं नाही, तुमच्या तोंडातही आहे. त्यांनी स्वतः एका नळीत थुंकून थेंब टाकला, फिकट रंग आला. मग त्यांनी एका शौकीन मुलाला पुढे बोलावलं, त्याची नळी गडद लाल निघाली. बिडी-सिगारेटवाल्याच्या थुंकीत हे जास्त असतं, सर म्हणाले, आणि सगळा वर्ग हसला. त्या मुलानं खिशातलं पाकीट मुकाट्यानं बाकाखाली सरकवलं. सर पुढेही काहीतरी सांगत होते, पण मी ते ऐकलं नाही. माझ्या डोक्यात येत्या रविवारचा बेत शिजत होता.

आता कबूल करायला काय जातं, मी होमिओपॅथीच्या रिकाम्या शिशीत थोडं फेरिक क्लोराइड आणि ॲप्रनच्या खिशात दोन नळ्या घेऊन घरी आले. मला बाबांना पकडायचं नव्हतं. खरंच नव्हतं. मला दाखवायचं होतं की पाहा, तुम्ही बिडी सोडली, हे सायन्सनंही सिद्ध झालं. आईच्या नळीत आणि बाबांच्या नळीत सारखाच रंग येणार आणि सगळे टाळ्या वाजवणार, असं माझं चित्र होतं.

रविवारी वंदना झाली. आई जवस भाजायला बसली होती, मी तिला नळीत थुंकायला सांगितलं. ती म्हणाली, मी काय लहान लेकरू आहो. बाबांनी तिला दटावलं, "थुक वं, पोरगी सायन्स करून राहिली." स्वतः तर ते हौसेनं तयारच होते. आईच्या नळीत थेंब पडला, हलका गुलाबी रंग आला. बाबांनी नळी दाराच्या उजेडात धरली आणि म्हणाले की हा पिकल्या जांबाच्या, म्हणजे पेरूच्या, आतला रंग, छान आहे, पण फिका. मग त्यांची नळी. थेंब पडला आणि रंग असा धावत खाली गेला की मी शिशी बाजूला ठेवायचीच विसरले.

"हा डाळिंबी झाला," बाबा म्हणाले. "पक्का डाळिंबी." आणि पहिला नंबर आल्यासारखं माझ्याकडे पाहून हसले.

त्यांना कुठं माहीत होतं त्याचा अर्थ काय ते. मला माहीत होता, म्हणजे मला वाटत होतं की मला माहीत आहे. सतरा-अठरा वर्षांची दीडशहाणी मी, मला त्याच क्षणी राग आला. मी म्हटलं, "बाबा, तुम्ही बिडी सोडली नाही." मोठ्यांदा म्हटलं, शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा. आईला सगळं समजावून सांगितलं, कोणाची लाल होते, कोणाची होत नाही, आणि वर असंही म्हटलं की माणूस खोटं बोलेल, पण हे बोलत नाही.

बाबांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं थोडा वेळ, ते कुठं ठेवावं हे त्यांना कळेना. "मी नाही ओढली वं, बाई," एवढंच ते म्हणाले. मी विचारलं, मग हे लाल काय आहे? आईनं तवा खाली उतरवला आणि त्यांच्याकडे न पाहता म्हणाली, वंदनेवरून उठल्या उठल्या खोटं बोलता. दोन्ही नळ्या बाबांनीच मोरीत धुतल्या, रंगाचा माग राहू नये अशा तीन पाण्यांनी, आणि पुसून माझ्या वहीवर आणून ठेवल्या. जवस तव्यावर करपले होते. ते तसेच फेकले.

त्यानंतरचे तीन आठवडे मला लिहायला जिवावर येतं. घरात भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. आई त्यांचा डबा भरून द्यायची, पण पाचव्या शीलाला खोकलायची नाही. ती थट्टा गेली ती गेलीच. बाबांचा सकाळचा खोकला तर आधीपेक्षा वाढला होता आणि आईनं तोही पुरावा मानला. बिडी सुटली की छाती स्वतःला साफ करायला लागते आणि काही दिवस खोकला वाढतो, हे तिला कोण सांगणार? मीच सांगायची, पण ते मला कुठं माहीत होतं. पुढच्या रविवारी मेणबत्ती लावली आणि बाबा मागे येऊन बसले. मला म्हणाले, तू सांग आज, मी मागून म्हणतो. मी पुढे बसून पंचशील म्हटलं. मागून आईचा आवाज येत होता. चौथ्या शीलाला बाबांचा आवाज आला नाही. मी मनात म्हटलं, बरोबर आहे, कसा येईल.

चौथ्या रविवारी दुपारी किसनकाका आले. बाबांचे रंगखात्यातले जोडीदार, वीस वर्षं दोघांनी एका काडीवर दोन बिड्या पेटवलेल्या. बाबा किराणा आणायला गेले होते. काका दारातच उभे राहिले, चहा नको म्हणाले.

"सुजाता, तुह्या बापाले काय सांगितलं वं तू?" त्यांनी विचारलं. "तो आमच्यात बसत नाही. डबा घेऊन पार तिकडे पाण्याच्या हौदाजवळ एकटा जाऊन बसते. काहून विचारलं, तर म्हणते तुमचा धूर माह्या थुंकीत जाते. काल मले म्हणे, किसन्या, माणूस झोपेत बिडी ओढू शकते का गा?"

मी म्हटलं, काका, ते लपून ओढतात. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला तोंड लपवावंसं वाटलं. ते म्हणाले, ज्या दिवशी तू कालेजात गेली त्या दिवसापासून त्यानं माह्या बंडलाले हात नाही लावला, आणि माह्याशिवाय तो कोणाची बिडी घेत नाही, हे आख्ख्या मिलले माहीत आहे. आई आतून ऐकत होती. ती बाहेर आली नाही, पण भांड्यांचा आवाज बंद झाला.

दुसऱ्या दिवशी मी प्रॅक्टिकल सुरू व्हायच्या आधी देशकर सरांना गाठलं आणि सगळं सांगितलं, चोरलेल्या शिशीसकट. सरांनी एकच विचारलं, तपासलं तेव्हा बिडी सोडून किती दिवस झाले होते? मी म्हटलं, दहा. सरांनी हातातली बाटली खाली ठेवली. "अगं, मी त्याच दिवशी सांगितलं होतं, तू ऐकलं नाहीस का? ते एका दिवसात जात नाही. लघवीवाटे थोडं थोडं जातं, दोन-तीन आठवडे लागतात, कधी जास्तही." मग त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि फळ्यावर काढून दाखवलं. धुरात सायनाइड असतं, थोडं, पण विषच. यकृत त्याला गंधकाचा एक कण जोडतं आणि त्याचं थायोसायनेट करतं, जे त्या मानानं निरुपद्रवी. कच्च्या जवसातल्या विषाचंही शरीर हेच करतं. म्हणजे तू जो लाल रंग पाहिलास ना, सर म्हणाले, तो तुझ्या वडिलांच्या शरीरानं मुकाट्यानं निस्तरलेल्या विषाचा आहे. मी रडायला लागले. सर गोंधळून गेले आणि मला धुवायला बीकर देऊन बसले.

पुढे शिकवताना ह्या एवढ्याशा आयनबद्दल मी बरंच वाचलं. थुंकीत आणि दुधात तो जंतूंना आवरायला मदत करतो, म्हणजे तोंडात तो काही उगाच बसलेला नसतो. जास्त झाला तर मात्र गळ्यातल्या थायरॉइडला आयोडीन घेऊ देत नाही. धंतोलीतल्या माझ्या डॉक्टरीणबाई मला गोळी लिहून देतात आणि कच्ची पत्ताकोबी कमी खा म्हणतात, तेव्हा मी आतल्या आत हसते. ह्यानं माझी पाठ काही सोडली नाही. दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांना मी ही थुंकीची गंमत दाखवली, पण दार लावून, आणि दोन-तीन आठवड्यांचं वाक्य आधी सांगून. ते वाक्य मी मुलांकडून तीनदा वदवून घ्यायची. मुलं मागून माझी नक्कल करायची, ते मला माहीत होतं.

सरांकडून हे कळलं त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा बाबा अंगणात सायकलची चेन बसवत होते. सरांचं यकृत आणि गंधक मला त्यांच्यासमोर आठवेना. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, बाबा, मिलला आठ दिवस सुट्टी असते, तुम्ही रंगाला हात लावत नाही, तरी नखं निळी राहतात ना? ते म्हणाले, राहतात, नख वाढून पुढं जाईपर्यंत राहतात. मी म्हटलं, तसंच आहे ते. तुम्ही सोडली होती. जुना रंग उतरायचा राहिला होता. मी चुकले.

बाबा नखांकडे पाहत राहिले. मला वाटलं आता रागावतील. ते उठले, हात धुतले आणि म्हणाले, ती शिशी आण. मी म्हटलं, बाबा, आता काही तपासायची गरज नाही. "तुले नसंल," ते म्हणाले, "मले पाहायचं आहे उतरला का." एक नळी त्यांनी आईला दिली. ती ह्या वेळी लगेच थुंकली. दोन्ही नळ्या बाबांनी आभाळाच्या उजेडात शेजारी शेजारी धरल्या, एक डोळा मिटला, जवळ आणल्या, दूर नेल्या. दोन्हीत जांबाच्या आतला रंग होता. बाबांची नळी किंचित गडद, पण किंचितच. "उतरला," ते म्हणाले, मिलमध्ये तागा पास करताना म्हणत असतील त्याच आवाजात. आई पदर तोंडाला लावून आत गेली आणि थोड्या वेळानं तव्यावर जवस तडतडल्याचा आवाज आला, रविवार नसताना.

मी त्यांना विचारलं की तुम्ही मला रागावले का नाही, एवढे दिवस गप्प का राहिले, तुम्हाला तर माहीत होतं तुम्ही ओढली नाही म्हणून. बाबा चेनला तेल सोडत होते. वर न पाहता म्हणाले, "तू आपल्या घरातली पहिली, काही शिकून आली. म्हटलं, पोरीचं सायन्स खोटं कसं निघंल? माहीच काही चूक असंल."

बाबांना जाऊन आता खूप वर्षं झाली. त्यांनी बिडीला पुन्हा कधी हात लावला नाही, आणि तपासायचं मी पुन्हा कधी नाव काढलं नाही.

रंग उतरला त्याच्या पुढच्या रविवारी मेणबत्ती लावली. मी मागे जाऊन आईजवळ बसले आणि बाबांना पुढे बसा म्हटलं. ते बसले. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं, आवाज पहिल्यासारखा मोकळा, गल्लीपर्यंत जाणारा. चौथं त्यांनी म्हटलं आणि आम्ही मागून म्हणावं म्हणून थांबले. आईनं म्हटलं. माझ्या तोंडून शब्द निघेना. मी खोटं बोलले नव्हते, पण खऱ्या माणसाला खोटा ठरवलं होतं, आणि त्यासाठी वेगळं शील नाही. बाबा मागे वळले नाहीत, पाचव्याकडे गेले नाहीत. मेणबत्तीकडे पाहत तसेच थांबून राहिले, माझं म्हणून होईपर्यंत.